दीड वर्षाच्या बाळाची भूक

इंदूरच्या मराठी घरांतून सायंकाळी एक प्रसंग हमखास घडतो. दीड वर्षाचे मूल वरणभाताचा घास थुंकून टाकते, आजी "वाळलं गं पोर" म्हणून हळहळते आणि आई वाटी घेऊन अंगणभर मागे धावते. अखेर शेवेचा डबा उघडला जातो. शेवेवाचून या शहराचे पान हलत नाही!

वस्तुतः या वयात भूक मंदावणे स्वाभाविक होय. पहिल्या वर्षात वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी त्यात जेमतेम २ ते २.५ किलोंची भर पडते. वाढीचा वेग उतरला की घासही घटतात. त्यातच तिखट-खारट शेवेने इवलेसे पोट भरले, तर जेवणास जागा उरत नाही. अख्खे शेंगदाणे मात्र मुळीच देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकल्यास जिवावर बेतते.

बळजबरीने मूल ताटालाच भिऊ लागते. मऊ अन्न थोडे थोडे, दिवसातून ३-४ वेळा द्यावे. नको म्हटल्यास ताट उचलावे. आजीची शंका फिटावी म्हणून बाळाचे वजन अंगणवाडीत नियमित करावे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ही सोय झाली आहे. तक्त्यावरील रेषा आडवी झाली वा उतरली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.