वृद्धाश्रमातल्या आईची बाजू
उतारवय आणि देखभाल : लेखांक सातवा

वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर निवडताना काय पाहावं, याचा विचार आपण मागच्या लेखांकात केला. पण पारखून निवडलेल्या ठिकाणीही देखभाल हळूहळू ढासळू शकते. पहिले दोन-तीन महिने सगळं व्यवस्थित चालतं. मग ओळखीच्या मावशी काम सोडून जातात, रात्रपाळीचा एक माणूस कमी होतो, रोजची आंघोळ एक दिवसाआड होते आणि भेटायला गेलेल्या मुलीला आईच्या टाचेवर काळसर डाग दिसतो. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘वय झालंय हो, व्हायचंच असं.’ इथे बहुतेक घरं गप्प बसतात. माझं म्हणणं असं आहे की, इथे गप्प बसणं आपल्या माणसाला परवडणारं नाही. आपल्याकडच्या आजच्या व्यवस्थेत वृद्धाश्रमाच्या आत नियमाने डोकावणारा बाहेरचा माणूस म्हणजे नातेवाईकच. त्याने पाहिलं नाही, लिहून ठेवलं नाही आणि विचारलं नाही, तर ते काम करणारं दुसरं कोणीही नाही.

हे विधान कोणाला टोकाचं वाटेल, म्हणून आधी कायदा पाहू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं. मात्र तसं करण्याची सक्ती या कलमात नाही आणि सेवांचा दर्जा ठरवण्याची तरतूद येते तीही याच वृद्धाश्रमांच्या संदर्भात. महिन्याला पैसे घेऊन चालणारी खासगी केंद्रं या कलमाच्या बाहेरच राहतात. अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची करणारं आणि किमान दर्जा घालून देणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर होण्याआधीच त्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बाद झालं. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा सन्मानाने जगण्याचा, निवाऱ्याचा आणि आरोग्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला. त्याच निकालात कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, याची माहिती राज्यांकडून गोळा करा, असं न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं. जिथे मोजदादीपासून सुरुवात आहे, तिथे खोलीत येऊन चादर ओली आहे का हे पाहणारा निरीक्षक कुठून येणार?

बाहेरच्या डोळ्याने खरंच फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केलेल्या अभ्यासांनुसार संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी गेल्या वर्षभरात आपल्याकडून वृद्धांशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे गैरवर्तन झाल्याचं स्वतःच मान्य केलं आहे. हा आकडा वाचून धक्का बसतो, पण त्यातून एक गोष्टही उलगडते. तीनातली दोन माणसं दुष्ट असू शकत नाहीत. म्हणजे गैरवर्तनाचा मोठा भाग क्रौर्यातून येत नसून कामाच्या रेट्यातून पडलेल्या सवयींमधून येतो : भरवायला वेळ नाही म्हणून ताट तसंच परत नेणं, सारखं उठतात म्हणून पलंगाला हात बांधणं, हाका मारतात म्हणून झोपेची गोळी देणं. आणि सवयी बदलता येतात. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या वृद्धांना शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी केली आणि तपासणीची व्यवस्था लावली. १९९१ मध्ये तिथे सुमारे २१ टक्के वृद्धांना बांधलं जात होतं; २००७ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. माणसं तशीच, म्हातारपणही तसंच. बदललं ते एवढंच की कोणीतरी विचारणारं आलं. आपल्याकडे ती यंत्रणा उभी राहीपर्यंत विचारायचं काम घरच्यांवर आहे.

विचारायचं तर काय पाहायचं ते ठाऊक हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत पाठीची जखम, म्हणजे बेडसोअर, हा सगळ्यात बोलका पुरावा. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडं अशा जिथे हाड कातडीला टेकतं त्या जागी एकसारखा दाब पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरू लागते. सुरुवात लालसर चट्ट्याने होते. बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडत नसेल तर ती धोक्याची खूण. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून काळपट-जांभळी छटा, हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा पाहावा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, एअर बेड, कोरडी चादर आणि पुरेसं खाणं यांनी यातल्या पुष्कळशा जखमा टळतात. पुष्कळशा, सगळ्या नव्हेत. मधुमेह, रक्ताभिसरणाचे विकार किंवा आयुष्याचा अगदी शेवटचा टप्पा असेल तर उत्तम शुश्रूषेतही जखम होऊ शकते. म्हणूनच नुसत्या जखमेवरून आरोप करू नये. कूस बदलल्याची नोंद मागावी. नोंदवही नसेलच, तर तेही उत्तरच आहे. औषधांचा तक्ताही असाच हातात घेऊन पाहावा. दुपारी बारा वाजता रात्रीच्या गोळ्यांपुढे सही झालेली असेल, किंवा आठवडाभराच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या असतील, तर तो तक्ता गोळ्या देताना भरलेला नाही. आणि दिवसभर गुंगीत असलेल्या माणसाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात : कोणतं औषध, कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलं, कधीपासून. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. शांत झोपलेत म्हणजे सुखात आहेत, असं समजणं म्हणूनच धोक्याचं.

पाहिलेलं त्याच दिवशी लिहायचं. तारीख, वेळ, पाळीवर कोण होतं, काय दिसलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. जमल्यास आईच्या संमतीने जखमेचा फोटो. महिन्याचं वजन तर लिहावंच, कारण उपासमार वजनात आधी दिसते. मग व्यवस्थापकांना पत्र द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची. पत्रात ‘काळजी नीट घेतली जात नाही’ असं मोघम काही नको. ‘१२ तारखेला सायंकाळी पाच वाजता डायपर सकाळपासून बदललेला नव्हता, माकडहाडावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा आहे, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद भिंतीवर लावावी आणि डॉक्टरांनी उद्या जखम पाहावी’ असं लिहिलं, की त्याला होय किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. तोंडी तक्रार ज्या मावशीवर ओरडण्यात संपते, ती बहुधा त्या दिवशी एकटीच वीस जणांना पाहत असते. लेखी तक्रार मात्र जिने माणसं कमी ठेवली, त्या संस्थेच्या दारात जाते. कर्मचारी गरीब आहेत, त्यांच्या पोटावर पाय कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. त्यांच्यावरचा भार कमी व्हायचा असेल तर तोही अशाच पत्रांमुळे.

सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो भीतीचा आहे. तक्रार केली तर आपल्यामागे आईचेच हाल करतील. ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्यावारी नेणं क्रूरपणाचं होईल. पण तिचा तर्क तपासून पाहायला हवा. ज्या कर्मचाऱ्याला राग काढायचा असतो तो एकांतात काढतो, आणि गप्प राहून आपण नेमका एकांतच वाढवतो. धोका तक्रारीने वाढत नाही. एकदाच तक्रार करून नंतर दोन महिने न फिरकल्याने वाढतो. म्हणून पत्र दिल्यानंतरचे दोन-तीन आठवडे भेटी दाट कराव्यात आणि ठरलेल्या रविवारी सकाळीच न जाता जेवणाच्या वेळी, संध्याकाळी, आडवारी जावं. भावंडं, सुना, जावई, शेजारी यांनी वार वाटून घ्यावेत; मूल परदेशात असेल तर गावातल्या एका नातेवाइकाला लेखी अधिकार द्यावा. तिथल्या इतर कुटुंबांशी ओळख काढावी. पाच घरांच्या सह्या असलेल्या पत्राचा राग कोणा एका म्हातारीवर काढता येत नाही. चांगलं काम करणाऱ्या मावशीचं नाव घेऊन तेही पत्रात लिहावं. ते खरं असतं आणि तिलाही त्याची गरज असते.

दुसरा आक्षेप ओठांवर येत नाही, पण आतून तोच जास्त तोंड बांधतो. आपणच आईला तिथे ठेवलं, आता कोणत्या तोंडाने बोलायचं? ‘ठेवलं’ या अपराधीपणापायी माणसं भेटी कमी करतात, फी वेळेवर भरतात आणि प्रश्न विचारत नाहीत. मला हे फार दुःखद वाटतं, कारण इथे भूतकाळातल्या निर्णयाची शिक्षा वर्तमानात आईला मिळते. तो निर्णय चूक होता की नाइलाजाचा होता, याचा वाद घरात होत राहील; आजच्या ओल्या चादरीशी त्याचा काही संबंध नाही. संस्था सेवाभावी आहे, उपकार करते, हाही संकोच असाच. सेवाभावी संस्था बहुधा सार्वजनिक न्यास असते आणि न्यास धर्मादाय आयुक्तांना उत्तरदायी असतो. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कामाला लोकांनी प्रश्न विचारले तर त्या कामाचा अपमान होत नाही.

पत्राला उत्तर आलं नाही तर पुढे कुठे जायचं, याबाबत बराच गोंधळ आहे. पुष्कळजण प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातात. पण ते मुलांकडून वा वारसांकडून चरितार्थ मिळवून देण्यासाठी आहे, वृद्धाश्रमाच्या कारभाराची तक्रार ऐकण्यासाठी नाही. सरकारी अनुदानावरच्या वृद्धाश्रमाची तक्रार जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी आणि तिथल्या तपासणी अहवालांची प्रत माहिती अधिकारात मागावी. जिथे आजारी वा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा केली जाते, अशी जागा महाराष्ट्राच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत बसते. म्हणून सलाईन, नाकातली नळी, लघवीची पिशवी असलेले रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राची ही नोंदणी आहे का, हे महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागात विचारावं. पैसे भरून घेतलेल्या सेवेत उणीव असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यानुसार पैसे भरणारा मुलगाही ग्राहक आणि सेवा घेणारी आईही ग्राहक. तक्रार दोन वर्षांच्या आत, स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मारहाण, बांधून ठेवणं, दागिने किंवा पेन्शन काढून घेणं असेल तर थेट पोलीस ठाणं गाठावं. शिवाय करार करून असहाय माणसाच्या देखभालीची जबाबदारी घ्यायची आणि ती जाणूनबुजून टाळायची, हा भारतीय न्याय संहितेच्या ३५७ व्या कलमाखाली गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा छोटी आहे, पण पत्रात या कलमाचा उल्लेख असला की व्यवस्थापक पत्र दुसऱ्यांदा वाचतात. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते.

या सगळ्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. बाजू आईची आहे, तर ती आधी तिलाच विचारायला हवी. तिचं डोकं शाबूत असेल तर कोणती तक्रार आत्ता करायची, कोणती सोडून द्यायची, कोणाचं नाव घ्यायचं नाही, हे तिने ठरवावं. खोलीचं दार लावून, कर्मचारी नसताना, घाई न करता विचारावं. ‘इथे बरं आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं; ‘काल रात्री बाथरूमला कोणी नेलं?’ असं विचारावं. स्मृतिभ्रंश असेल तर शब्दांपेक्षा अंग पाहावं : हात धरताच दचकते का, ठरावीक माणूस आला की गप्प होते का, पाण्याचा पेला दिला तर घटाघटा पिते का. आणि दुसरीकडे हलवायचं का, हा प्रश्नही तिच्याशी बोलूनच सुटावा. जखम चिघळली असेल, मारहाण झाली असेल तर थांबू नये. आधी रुग्णालय गाठावं आणि जखमेची तपशीलवार नोंद करून घ्यावी. पण त्रास जेवणाचा, आंघोळीचा असेल आणि शेजारच्या पलंगावर तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली असेल, तर जागा बदलण्यापेक्षा तिथेच भांडून सुधारणा करून घेणं तिला हवं असू शकतं. हलवायचं ठरलं तर डिपॉझिट अडवून धरलं जातं, कागद मिळत नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, हा २००२ पासूनचा नियम तेव्हा दाखवावा.

पुढच्या लेखांकात ब्युरोमार्फत घरी ठेवलेल्या आया आणि ब्रदर यांच्याविषयी : करार कोणाशी होतो, पैसे कोणाला जातात आणि जबाबदारी कोणावर राहते.