बशीभर उजेड, तिकिटाएवढा सेन्सर

जुन्या स्टुडिओतला भात्याचा लाकडी कॅमेरा आठवा. पुढे लेन्स, मागे घासलेली काच, मधे लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची काळी पेटी. फोटोग्राफर काळं कापड डोक्यावर घ्यायचा आणि काचेवर उलटी दिसणारी वरात सरळ बसवायचा. हा कॅमेरा अजून मेलेला नाही. काही हौशी लोक त्याची काच काढून तिथे आजचा डिजिटल कॅमेरा बसवतात, लेन्स काढलेला, उघड्या तोंडाचा. मीही त्यातलाच एक. असं का करता, असं कुणी विचारलं की आमची मंडळी लगेच आकडे सांगू लागतात. ते आकडे डोकं गरगरवतात. पण ते सगळेच्या सगळे खरे नसतात, म्हणून हा हिशेब.

चार बाय पाच इंची शीट फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटतं साधारण १२० बाय ९५ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या पोस्टकार्डाहून थोडं लहान. ते कोपऱ्यांसकट झाकायला लेन्सला निदान १५३ मिमी व्यासाचं उजेडाचं वर्तुळ पाडावं लागतं. चहाची बशी घ्या, तेवढं. ‘फुल फ्रेम’ म्हणून मिरवणारा डिजिटल सेन्सर असतो ३६ बाय २४ मिमी, म्हणजे एका टपाल तिकिटाएवढा. बशीतला जेमतेम ५ टक्के उजेड त्याच्या वाट्याला येतो आणि उरलेला भात्याच्या काळ्या भिंतींवर वाया जातो.

म्हणून युक्ती अशी, की लेन्स जागची हलवायची नाही. मागच्या चौकटीत कॅमेरा सरकवत न्यायचा, एकेक तिकीट टिपायचं आणि नंतर संगणकावर सगळी तिकिटं जोडायची. लेन्स स्थिर असल्यामुळे जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या मागेपुढे सरकत नाहीत, त्यामुळे जोड फरशीसारखे बसतात. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तेरा-चौदा तिकिटांत भागायला हवं. पण जोडायला कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात. शिवाय मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर तोंडापासून १८-२० मिमी आत असतो, त्यामुळे तिरक्या किरणांत एखादा कोपरा सावलीत जातो. प्रत्येक बाजूला ३० टक्के कड सोडली तर पाच उभ्या रांगा, सहा आडव्या ओळी, असे ३० फोटो होतात.

आता आकडे. ६ कोटी १० लाख पिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ०.००३७६ मिमीचा असतो. त्या मापाने सगळं पोस्टकार्ड भरलं की ८० कोटी ६० लाख पिक्सेल होतात. सेकंदाला एक या गतीने, न झोपता, ते मोजायचे म्हटले तर साडेपंचवीस वर्षं लागतील. इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर चित्र होईल जवळजवळ ९ फूट रुंद आणि ७ फूट उंच. आमच्या घरातली एकही भिंत एवढी मोकळी नाही.

चार बाय पाचचा थोरला भाऊ आठ बाय दहा इंचांचा. त्याला १२० फोटो लागतात आणि एकूण पिक्सेल होतात ३६५ कोटी. चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेत जगातला सगळ्यात मोठा डिजिटल कॅमेरा आहे. जवळपास तीन टन वजन, १८९ सेन्सर, सगळे मिळून ३२० कोटी पिक्सेल. त्याची लेन्स बसवण्याआधी, २०२० साली, सेन्सरच्या चाचणीसाठी नुसत्या सूक्ष्म छिद्रातून एक फोटो काढला होता. फोटो कसला, तर फ्लॉवरच्या जातीतल्या एका भाजीचा. तो पूर्ण आकारात बघायला ‘फोर के’चे ३७८ टीव्ही लागतील. म्हणजे पिक्सेलांच्या मोजणीत लाकडी पेटी आणि बाजारातला कॅमेरा मिळून वेधशाळेला मागे टाकतात! फक्त तिथे एका दमात आकाशाचा जो तुकडा टिपला जातो त्यात पौर्णिमेचे चाळीसेक चंद्र मावतील. इथे १२० वेळा चौकट सरकवावी लागते.

हाव इथेही थांबत नाही. १९०० साली शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सने एका रेल्वे कंपनीच्या गाडीचा फोटो काढायला खास कॅमेरा बांधला होता. त्याची काचेची प्लेट ८ फूट बाय साडेचार फूट, प्लेटीसकट वजन १४०० पौंड आणि हलवायला १५ माणसं. ती प्लेट आपल्या तिकिटांनी झाकायची तर एकाला एक चिकटवून ३,८७० तिकिटं लागतील आणि पिक्सेल भरतील २३,६५० कोटी. ते मोजायला साडेसात हजार वर्षं. मोहेंजोदडो वसण्याच्याही बऱ्याच आधी सुरुवात केली असती, तर आज कुठे संपलं असतं.

आता या फुग्याला टाचणी. असल्या कॅमेऱ्यावर लेन्स सहसा एफ २२ वर ठेवतात, कारण तेवढं छिद्र बारीक केल्याशिवाय पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येत नाही. पण छिद्र बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवर पसरतो आणि लांबच्या ताऱ्याचा बिंदूसुद्धा चकती होऊन पडतो. एफ २२ वर हिरव्या उजेडाची ही चकती ०.०३ मिमीची असते. आपल्या पिक्सेलांत मोजली तर एका चकतीखाली ४८ पिक्सेल दडतात. अठ्ठेचाळीस जणांनी मिळून एकच बातमी आणावी, तसा प्रकार. मिलिमीटरमध्ये पन्नास रेघांच्या जोड्या वेगळ्या दिसल्या तरी नशीब म्हणायचं. जोडीला दोन पिक्सेल धरले, तर त्या हिशेबाने पोस्टकार्डावर खरा मजकूर उरतो ११ कोटी ४० लाख पिक्सेलांचा. ऐंशी कोटींचे अकरा झाले. हे गणित आमच्या गटात मांडलं की चहा गार होतो.

तरी मी पेटी विकलेली नाही, कारण या कॅमेऱ्याची खरी किमया पिक्सेलांत नाही, झुकण्यात आहे. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत, जांभ्या दगडात कोरलेली, जमिनीशी सपाट. साध्या कॅमेऱ्याने पायाजवळचं शिल्प आणि क्षितिज दोन्ही स्पष्ट हवं असेल तर छिद्र बारीक करणं आलंच. भात्याच्या कॅमेऱ्यात पुढची लेन्स झुकवता येते. १५० मिमीची लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर ती फक्त ५.७ अंश पुढे झुकवली की स्पष्टतेचं प्रतल आडवं होऊन सड्यावर चादरीसारखं पसरतं. या झुकण्याचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो थिओडोर शाइमफ्लुग ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होता, आणि त्याला हवाई फोटोंवरून नकाशे करायचे होते. आता एफ २२ ची गरज उरत नाही. एफ ८ पुरतं, आणि चकती येते ०.०११ मिमीवर, जेमतेम तीन पिक्सेल रुंद. गेलेले बरेचसे कोटी परत येतात. अर्थात एफ ८ वर कडेपर्यंत रेखीव राहणारी लेन्स हवी. डिजिटलसाठी तशा बनवल्या जातात, पण त्यातल्या बऱ्याचशांचं उजेडाचं वर्तुळ लहान, बशीची वाटी झालेली.

आणि इथे लाकूड आडवं येतं. एफ २२ वर, ती ०.०३ मिमीची चकती चालवून घेतली तर, मागची चौकट एकूण १.३ मिमी पुढेमागे झालेली खपते. एफ ८ वर पिक्सेलांना न्याय द्यायचा तर मुभा ०.१२ मिमीची, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीची. तीस वेळा सरकणाऱ्या चौकटीने तीसही वेळा त्या एका कागदात राहायचं! रुबिनच्या सेन्सरचा पृष्ठभाग माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त उंचसखल नाही. माझी चौकट पावसाळ्यात फुगते. कोकणात तर उन्हाळ्यातही.

वेळाचा हिशेब त्याहून बेरकी. कातळशिल्प उठून दिसतं ते सकाळच्या तिरक्या उन्हात. सूर्य क्षितिजावर १० अंश असताना दोन सेंटिमीटर खोल खाचेची सावली ११ सेंमी पडते. आठ बाय दहाचे १२० फोटो दर दहा सेकंदांना एक घेतले तर वीस मिनिटं जातात. तेवढ्यात सावली साडेसातवर येते. एकाच चित्रात एका कोपऱ्यात सकाळ, दुसऱ्यात तिच्या वीस मिनिटं पुढची सकाळ. चार बाय पाचचं पाच मिनिटांत उरकतं आणि सावलीचा फरक सेंटिमीटरभरच पडतो, म्हणून मी धाकट्यावरच थांबलो.

१९९०च्या दशकात यावर वेगळा तोडगा निघाला होता. फिल्मच्या जागी बसणारा स्कॅनर, जो कापडावरून इस्त्री फिरवावी तसा चित्रावरून हळूहळू सरकायचा. ६,००० बाय ८,००० पिक्सेल, ओळीला पंधरावा हिस्सा सेकंद धरला तरी नऊ मिनिटं. लाल, हिरवा, निळा अशा तीन ओळी एकामागून एक येत असल्यामुळे हललेली लाट वा पान इंद्रधनुषी निघायचं. खडक मात्र उत्तम.

मग २०१८ साली अमेरिकेतल्या ‘लार्जसेन्स’ने सरळ मोठा सेन्सरच विकायला काढला. नऊ बाय अकरा इंच, सुमारे ७८ तिकिटांएवढा. किंमत १,०६,००० डॉलर, तेव्हाच्या दराने सत्तर लाख रुपयांच्या घरात. चौकट सरकवायची नाही, जोडकाम नाही, सड्यावरची सावली सरकायच्या आत फोटो तयार. त्यातला एक पिक्सेल ०.०७५ मिमीचा, एफ २२ च्या चकतीहून अडीच पट रुंद, आणि असे पिक्सेल किती? १ कोटी २० लाख. माझ्या जुन्या फोनमध्येही तेवढेच होते.