व्यावसायिक संकेतस्थळांवरील कालबाह्य उत्पादनपृष्ठांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना

व्यवसायाचे संकेतस्थळ उभारताना त्याची रचना, सजावट आणि खर्च यांची चर्चा भरपूर होते. मात्र काही वर्षांनी त्यावर साचलेल्या जुन्या पृष्ठांचे काय करावे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विक्री थांबली की उत्पादनाचे पृष्ठही काढून टाकावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एक अनुभव नोंदवावासा वाटतो. आमच्या विभागातील जुन्या प्रोजेक्टरचा दिवा गेला. दिव्याचा क्रमांक पाहण्यासाठी उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या प्रोजेक्टरचे पृष्ठ उघडले, तर समोर आले मुखपृष्ठ आणि नव्या प्रोजेक्टरची जाहिरात. क्रमांक अखेर दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र उघडून सांगितला. कंपनीच्या लेखी ते उत्पादन संपले होते. आमच्या वर्गात ते चालूच होते.

पृष्ठाचा बदलता वाचक

विक्री चालू असते तोवर उत्पादनपृष्ठाचा वाचक हा प्रामुख्याने संभाव्य ग्राहक असतो. विक्री थांबल्यावर तेथे येतो तो बहुधा ती वस्तू आधीच घेतलेला माणूस. त्याला वापरपुस्तिका, सुट्या भागांचे क्रमांक व हमीच्या अटी हव्या असतात. कधी प्रश्न सुरक्षिततेचाही असतो. सॅमसंगने ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या गॅलक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे उत्पादन कायमचे थांबविण्यात आले. अशा प्रसंगी विक्रीचा मजकूर तत्काळ हटविणे जितके आवश्यक, तितकेच वस्तू परत करण्याची सूचना त्याच ठिकाणी सापडणे आवश्यक असते.

याउलट, जुनी किंमत वा रद्द झालेली सवलत तशीच दिसत राहणे घातक होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्धच्या प्रकरणात, माहिती साध्या पृष्ठावरची असो वा चॅटबॉटने दिलेली, संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच, असे स्पष्ट केले. म्हणजे पृष्ठ ठेवायचे, पण त्यावरील विक्रीचा मजकूर काढायचा.

तांत्रिक बाजू

पृष्ठ मागितले असता सर्व्हर एक सांकेतिक क्रमांक परत करतो. ४०४ म्हणजे पृष्ठ सापडले नाही. ४१० म्हणजे ते हेतुपुरस्सर कायमचे काढले. ३०१ म्हणजे त्याचा पत्ता कायमचा बदलला. उत्पादनाची सुधारित आवृत्ती खरोखर आली असेल, तर जुन्या पत्त्यावरून ३०१ने नव्याकडे पाठविणे योग्य. मात्र जुन्याची पुस्तिका त्या नव्या पृष्ठावर उपलब्ध हवी. असे पुनर्निर्देशन किमान वर्षभर ठेवावे, असे गूगल सुचविते. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे मात्र चुकीचे आहे. गूगल अशा पृष्ठांना ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली पृष्ठे, समजू शकते. त्यामुळे पत्त्याची पुण्याईही राहत नाही आणि वाचकाचेही काम होत नाही. माझ्या प्रोजेक्टरबाबत हेच घडले. विक्री थांबलेले पण उपयुक्त पृष्ठ जागेवर ठेवून ‘उत्पादन बंद’ अशी नोंद करणे अधिक सयुक्तिक. स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहात त्यासाठी ‘डिसकंटिन्यूड’ असे स्वतंत्र मूल्यच आहे. त्यामुळे शोधयंत्रालाही वस्तुस्थिती कळते.

जुनी पृष्ठे काढल्याने शोधयंत्रातील स्थान सुधारते, असेही सांगितले जाते. २०२३ मध्ये सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने याच अपेक्षेने हजारो जुने लेख हटविले. मजकूर केवळ जुना म्हणून काढण्यात लाभ नाही, असे गूगलच्या प्रतिनिधीने त्या वेळी सांगितले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या अभ्यासात २०१३ मधील ३८ टक्के वेबपृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नसल्याचे आढळले. त्यांतील किती विचारपूर्वक काढली गेली असतील, याबद्दल शंकाच आहे.

कारण व्यवहारात हा निर्णय बहुधा संकेतस्थळाची नवी रचना करणाऱ्या बाहेरच्या तंत्रज्ञाकडे सोपविला जातो. कोणती वस्तू अद्याप वापरात आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते विक्रीपश्चात सेवा विभागाला ठाऊक असते. उत्पादन बंद करण्याच्या आदेशातच त्याच्या पृष्ठाविषयीचा एक रकाना असावा, आणि तो या विभागाने भरावा.