लोकार्पणानंतरचे पाणी

विकसनशील देशांतली सरकारे रस्ते, नळयोजना आणि शौचालये यांवर किती खर्च करतात, ते अंदाजपत्रकात दिसते. बांधलेले किती वर्षे चालले, याची नोंद तिथे सापडत नाही. आणि सार्वजनिक गुंतवणूक मोजायची तर ती याच वर्षांनी मोजली पाहिजे. जागतिक बँकेने १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांचा हिशेब मांडला होता. आधीच्या दशकात वेळच्या वेळी डागडुजीवर १२ अब्ज डॉलर खर्च झाले असते, तर रस्ते नव्याने बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. डांबराला पडलेल्या भेगेतून पाणी मुरते, खालचा खडीचा थर सैल होतो, आणि वरून भरलेले ट्रक जाऊ लागले की रस्ता मुळापासून उखडून करावा लागतो. पण भेग बुजवण्याचे भूमिपूजन होत नाही. परदेशी कर्जही बहुतेक नव्या बांधकामासाठीच मिळत आले आहे.

पाण्याच्या बाबतीत कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ मध्ये हे शहर रिकामे केले होते. १९९३ मध्ये एक सोन चान यांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे घेतली, तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता: काही गळत होते, काही चोरले जात होते, काहीचे बिलच जात नव्हते. पाणी दिवसातून दहा तास यायचे, तेही शहराच्या छोट्या भागात. जपान, फ्रान्स आणि जागतिक बँक यांच्या मदतीने नव्या जलवाहिन्या पडल्या. पण केवळ त्यांनी हे शहर सावरले नसते. प्रत्येक जोडणीला मीटर बसला, ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली गेली, बडे अधिकारी आणि सरकारी कार्यालये यांच्याकडूनही थकबाकी वसूल झाली, आणि गळती शोधायला रात्री पथके फिरू लागली. पुढे शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले आणि वाया जाणारा हिस्सा सहा टक्क्यांच्या आसपास आला. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा: गरिबाकडून पाण्याचे पैसे घेणे अन्याय नाही का? बोलिव्हियातल्या कोचाबांबात खासगी कंपनीने दर भरमसाट वाढवले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये तो करार रद्द झाला. लोकांचा तो राग रास्तच होता. पण फुकट नळाचा फायदा ज्याच्या दारात नळ आहे त्यालाच होतो. ज्याच्या वस्तीत जलवाहिनीच पोचलेली नाही, तो टँकरवाल्याला किंवा कॅनवाल्याला कितीतरी जास्त दर मोजतो. नॉम पेन्हमध्ये गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात मोठी सवलत आणि हप्त्यांची सोय मिळाली, थोडे पाणी वापरणाऱ्याला दर कमी ठेवला गेला, आणि संस्था सरकारचीच राहिली. सरकारी कारभार सुधारतच नाही म्हणून खासगीकरण करा, असे म्हणणाऱ्यांनी ही शेवटची बाब जरूर लक्षात घ्यावी.

आपल्याकडे जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ग्रामीण भागातल्या सुमारे १७ टक्के घरांना नळ होता. त्यानंतर कोट्यवधी घरांत तो पोचला, आणि हे काम मोठेच आहे. परंतु वीजबिल थकले म्हणून पंप बंद आणि पंप बंद म्हणून गावाची योजना बंद, हे महाराष्ट्राला नवे नाही. शौचालयांचेही तेच. सेप्टिक टँक भरल्यावर मैला उपसून त्यावर प्रक्रिया झाली नाही, तर तो नाल्यात आणि पुढे पिण्याच्या पाण्यातच जातो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ पासून ठरावीक मुदतीने शहरातले टँक उपसण्याची व्यवस्था सुरू केली. अशी कामे गाजत नाहीत, पण रोगराई त्यांनीच रोखली जाते. म्हणून पुढच्या ग्रामसभेत नव्या टाकीची मागणी करण्याआधी जुन्या योजनेचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा: पाणीपट्टी किती जमली, वीजबिल किती थकले, आणि दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे.