फार देशी की फार परदेशी?

८ मे १९५५ ला अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर, आणि न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांची चौकशी करत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होती. पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ यांच्या हाती धर्मप्रांत आणि आरोपांची यादी जवळपास एकदमच पडली. वऱ्हाडातल्या कॅथलिकांना आक्षेप मात्र नवे नव्हते. ते आधी घरच्यांनीच घेतले होते.

घरचे म्हणजे इतर ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कस आणि जेनी फुलर या अमेरिकन जोडप्याने अकोल्यात काम केले. पुढे तिथे अलायन्स मिशनचे ठाणे झाले. वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन मंडळी आली, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. या सगळ्यांचा भर बायबलवर. त्यांना कॅथलिकांचे पुतळे, मेणबत्त्या, मरियामातेची मिरवणूक म्हणजे उघड मूर्तिपूजा वाटे. हिंदू शेजाऱ्याला यातले काहीच परके नव्हते. त्याला खुपत होते ते रोम. एकाच्या लेखी कॅथलिक फार देशी, दुसऱ्याच्या लेखी फार परदेशी.

उत्तर देण्याची सवय इथल्या फादरांना वारशानेच मिळाली होती. नागपूर-वऱ्हाडात आलेला त्यांचा संघ संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा, १८३८ मध्ये अ‍ॅनसीला स्थापन झालेला. हे संत १५९४ मध्ये कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, शाब्ले प्रांतात गेले. प्रवचनाला कोणी येईना, म्हणून ते पत्रके लिहून लोकांच्या दाराखालून आत सरकवू लागले. १९२३ मध्ये पोपनी त्यांना पत्रकार-लेखकांचे आश्रयदाते संत ठरवले, ते याच कामगिरीमुळे.

मूर्तीच्या आक्षेपाला चर्चचे उत्तर इ. स. ७८७ च्या नायसिया परिषदेपासून ठरलेले आहे: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेतल्या व्यक्तीला पोचतो. मरियेकडे मागणे म्हणजे तिला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणणे. ‘देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त’ हे तिमथ्याला लिहिलेल्या पत्रातले वचन कॅथलिकही मानतात. पुस्तकात हे चोख बसते. नवस बोलणाऱ्या भाविकाच्या मनात ही रेघ इतकी स्वच्छ असते का, याबद्दल मला शंका आहे, आणि रोमलाही ती असावी. १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने मरियेवर वेगळा दस्तऐवज न काढता तिला चर्चविषयक दस्तऐवजातच स्थान दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर तिला ‘सहतारक’ म्हणणे योग्य नाही, असे व्हॅटिकनने स्पष्ट केले.

वऱ्हाडात खरा जोर होता तो पापनिवेदनावरच्या आक्षेपाला. सत्यशोधकी वळणाच्या आणि गाडगेबाबांचे कीर्तन ऐकलेल्या माणसाला देव आणि भक्त यांच्यामध्ये बसलेला कोणीही भटच दिसतो. पाप करा, फादरच्या कानात सांगा, मोकळे व्हा, ही थट्टाही जुनीच. तिचे उत्तर सरळ आहे: मनापासून पश्चात्ताप नसेल तर क्षमा नाही, आणि चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. ऐकलेले कोणालाही न सांगण्याचे बंधन फादरवर कायमचे असते, आणि पोपलाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. तरी ‘मुळात मध्ये माणूस कशाला?’ हा प्रश्न उरतोच. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताने शिष्यांना दिलेला क्षमेचा अधिकार हे त्याचे उत्तर, पण ते पटायला आधी शुभवर्तमान मान्य असावे लागते.

एक आक्षेप चर्चने न भांडता मान्यच केला. मिस्सा लॅटिनमध्ये, ऐकणारा वऱ्हाडी; संस्कृत मंत्रांबद्दल होती तीच तक्रार. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानंतर वेदीवर मराठी आली.

नियोगी समितीचा आक्षेप धर्मशिकवणीच्या प्रश्नोत्तरांनी सुटणारा नव्हता: शाळा, दवाखाने, अनाथालये यांच्या आडून गरिबांना धर्मांतराला लावले जाते. कॅथलिकांनी आधी सहकार्य केले, मग अंग काढून घेऊन नागपूर उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९५६ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्या वेळचा बचाव बराचसा कायदेशीर हक्काचा होता. खरे उत्तर दहा वर्षांनी, डिसेंबर १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आले: श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा वासही येता कामा नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षितांच्या बाबतीत. हे शब्द १९५५ मध्ये हाताशी असते तर साक्षी देणाऱ्यांचे काम सोपे झाले असते, आणि काही मिशनऱ्यांचे अवघडही.

अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे, ही त्याची शिफारस. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखोंनी, त्यात वऱ्हाडातल्याही अनेकांनी, बौद्ध धम्म स्वीकारला. धर्म बदलणाऱ्या त्या समुदायात स्वतः न्यायमूर्ती नियोगीही होते. तीन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, वऱ्हाड मुंबई राज्यात गेला. त्यामुळे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केलेला धर्मांतरविरोधी कायदा अमरावती-अकोल्याला लागू झालाच नाही.