कारभाऱ्याचा हिशेब

मंडळाच्या या पानावर टॅक्स आणि विम्याबद्दल पुष्कळ लिहून येते. आज त्याच विषयाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, आणि न्यू जर्सीत टॅक्सची कागदपत्रे तयार करून देणे हा माझा व्यवसाय. या दोन्ही गोष्टी मला एकाच शब्दापाशी आणतात: कारभारी.

गावाकडे नवऱ्याला या नावाने हाक मारतात. मराठी बायबलमध्ये मात्र कारभारी म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे सारे काही देवाचे आहे. घर, पगार, पेन्शन आपल्याकडे फक्त सोपवलेले. मत्तयाच्या शुभवर्तमानात परदेशी निघालेला धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक 'टॅलंट' सोपवतो. एक टॅलंट म्हणजे मजुराची कित्येक वर्षांची कमाई. दोघे रक्कम दुप्पट करतात. तिसरा भिऊन ती जमिनीत पुरतो. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही नाही. तरी धनी रागावतो तो त्याच्यावरच.

वारशाबद्दल नीतिसूत्रे सांगतात की भल्या माणसाचे देणे नातवंडांपर्यंत पोहोचते. पण लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू न्यायनिवाडा नाकारतो आणि उलट लोभापासून जपायला सांगतो. वाटणीवरून अबोला धरलेली भावंडे कोणत्या समाजात नाहीत?

या शिकवणीचे आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्या १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या. त्यांच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला संस्था उभी राहिली आणि दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढे केडगावला मुक्ती मिशन. लोकांच्या पैशांतून तिथे विहिरी, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, म्हणजे आश्रयाला आलेल्या मुलींना हाताला काम मिळाले. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि १९२२ मध्ये त्या स्वतः. घरचा वारस उरला नाही, पण केडगावचे काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

आता आपल्या कपाटातल्या कागदांकडे वळू. माझ्यासमोर बसणारी कुटुंबे कमावण्यात आणि साठवण्यात हुशार आहेत. पुढे सोपवण्याचा विषय निघाला की "बघू पुढे" म्हणतात. धर्म कोणताही असो, एवढे तरी करावे:

१. विल करा, दोन साक्षीदारांसमोर. विल नसेल तर वाटणी राज्याच्या कायद्याप्रमाणे होते. मुले लहान असतील तर त्यांना कोण सांभाळणार हे विलमध्ये लिहा. नाहीतर ते कोर्ट ठरवते.

२. आयुर्विमा आणि आयआरएचे पैसे विलप्रमाणे जात नाहीत, बेनिफिशिअरीच्या फॉर्मप्रमाणे जातात. लग्नाआधी भरलेला फॉर्म काढून पाहा.

३. भारतातल्या बँकेच्या ठेवीवर नॉमिनी लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. नॉमिनी सहसा मालक नसतो. वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त असतो. थोडक्यात, तोही कारभारीच! तिकडच्या जमिनीसाठी तिकडच्या वकिलाकडून वेगळे विल करून घेणे सोयीचे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विल नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे मिळते.

४. खाती, पॉलिसी, सातबारा आणि कर्जे यांची एका पानाची यादी करा. ती कुठे ठेवली आहे, हे दोघांनाही माहीत हवे.

५. काही हिस्सा घराबाहेरही जाऊ द्या. ख्रिस्ती परंपरेत दशमांशाची चाल आहे. शाळा, दवाखाना, गावची वाचनशाळा, कुणालाही द्या, पण विलमध्ये संस्थेचे पूर्ण नाव लिहा.

कागद झाले की मुलांना एकत्र बसवा आणि कुणाला काय दिले, का दिले, हे आपल्या तोंडाने सांगा. आपण गेल्यावर वकिलाच्या पत्रातून कळलेली वाटणी भावंडांना बोचते. आईवडिलांनी समोर बसून समजावलेली सहसा पचते. थँक्सगिव्हिंगला मुले घरी येतील, तेव्हा जेवणानंतर अर्धा तास काढा.