त्रिपुराचे दीप आणि कॅमेऱ्याचा डोळा

कार्तिकी पौर्णिमेस शिवालयाच्या प्रांगणातील दीपमाळ पायथ्यापासून शिखरापर्यंत पाजळली, की ते वैभव छायाचित्रात साठवावे असे कोणास वाटत नाही? परंतु फ्लॅशचा लखलखाट झाला की दगड तेवढा उजळतो आणि पणत्यांचे तेज फिके पडते. दीपांच्याच प्रकाशात दीपांचे छायाचित्र घ्यावयाचे, तर कॅमेरा तिपाईवर स्थिर करून शटर काही सेकंद उघडे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

येथे फिल्मची एक खोड ध्यानी घ्यावी लागते. मंद प्रकाश दीर्घकाळ पडू लागला की तिची ग्रहणशक्ती क्षीण होत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन ज्योतिर्विद कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी ताऱ्यांची छायाचित्रे अभ्यासताना ह्या वर्तनाचा नियम मांडला. प्रकाशमापकाने १० सेकंद सांगितले, तर इलफर्डच्या ‘एचपी ५ प्लस’ला सुमारे २० द्यावे लागतात, ‘फोमापान १००’ला तब्बल ८०! (तेवढ्यात वाऱ्याच्या झुळकेने दोन-चार पणत्या शांत व्हायच्या, हे निराळेच.)

डिजिटल कॅमेऱ्यात ही खोड नाही. तेथे दहा म्हणजे दहाच. त्याची अडचण वेगळी. शटर फार वेळ उघडे राहिले की उष्णतेमुळे चित्रात रंगीत ठिपके उमटतात. ते घालविण्यासाठी अनेक कॅमेरे तितकाच वेळ शटर मिटून काळोखाचे दुसरे चित्र घेतात व पहिल्यातून वजा करतात. तोवर छायाचित्रकाराने स्वस्थ बसावे. शिवाय ज्योतीचा गाभा एकदा पांढराफटक झाला, की त्यातून काहीही परत मिळत नाही. निगेटिव्ह फिल्म ह्या बाबतीत उदार आहे. म्हणून फिल्मला वेळ सढळ हाताने द्यावा, डिजिटलला काटकसरीने. रंगाचा निवाडाही डिजिटल कॅमेऱ्यावर सोपवू नये. तो सोनेरी छटाच पुसू पाहतो.

आमचा कौल डिजिटलकडे झुकतो. फिल्मवर ज्योत काळोखात हळुवार विरते, ही शोभा आम्हांस मान्य आहे. पण पुढचा त्रिपुर वर्षाने येणार, आणि डिजिटलवर चूक दीप तेवत असतानाच दुरुस्त करता येते.

सूर्यास्तानंतर आकाशात निळाई शिल्लक असतानाच आरंभ करावा. पूर्णचंद्रही त्याच सुमारास उगवतो. तिपाई प्रदक्षिणेच्या वाटेवर मांडू नये. दहा सेकंदांच्या चित्रात चालती माणसे विरून जातात. पणती लावून हात जोडून निश्चल उभी राहिलेली व्यक्ती मात्र स्पष्ट उमटते.